वैशाखात अडणारं दार

...नाय नाय साहेब, जोर लावू नका, त्या दाराला तसं नाय ढकलायचं – आधी वर उचलायचं, मग खांदा द्यायचा – हां, आलात ना आत? बसा. खुर्ची भिंतीला लावून घ्या, मधी ठेवली की सरकते. आमचा म्हातारा घराचे कागद आणायला पोलादपूरला गेलाय, येईलच. जाताना मला बजावून गेलाय – तुळसा, घर दाखव, चा पाज, आन जास्त बोलू नको. मी कुठं जास्त बोलते? दार ना – लाकूड फुगलंय म्हणताय? पावसात फुगतं, सगळ्यांच्याच घरात फुगतं, सोनबा सुतार दरसाल येऊन रंधा मारून जातो. पण आता पाऊस कुठाय – वैशाख चाललाय, अंगणात पाय भाजतात – तरी अडतंय. सोनबा आला, रंधा पिशवीतनं काढलाच नाय त्यानं. चौकटीवरनं हात फिरवला आन म्हणाला, वैनी, दार सरळ हाय. आन चा न घेता गेला. माझ्या हातचा चा त्यानं कधी सोडला नव्हता.

ती खिडकी उघडा. शिवथरची सगळी दरी दिसते – तुमच्याकडची माणसं ह्याच्यासाठीच येतात ना? पूर्वी मधी शेजारच्या भिकूचं घर यायचं, आता मोकळं दिसतं. त्यानं कौलं, वासे उतरवले आन लेकाकडं महाडला गेला. का गेला? लेकानं बोलावलं म्हणून – असं म्हातारा सांगतो. आता शेजार नाय, पण शिमग्याला पालखी येते हो घरोघर, अंगणात नाचवतात, मी ओटी भरते. औंदा खालच्या आंब्यापाशीच थांबली. मी इथं ताट घेऊन उभी. गणू गुरव खालनं ओरडला, ताट इकडंच आण, वर खांदेकऱ्यांचे पाय ठरत नाय. देवानं आमचं अंगण टाळलं, साहेब. लई लागलं मला.

सुनेला फोन केला, रेश्माला – नालासोपाऱ्याला इंग्रजी शाळेत शिकवते. ती म्हणाली, आई, स्टीअर क्लिअर. म्हटलं, हे काय गो? तर म्हणाली, खडक दिसला की नाव लांबूनच वळवतात ना, ते. आता सगळ्यालाच म्हणतात – चावरा कुत्रा असूदे, भांडकुदळ शेजारीण असूदे – स्टीअर क्लिअर. म्हंजे आपलं चार हात लांब ऱ्हायचं, तेच की. मला आवडलं, मी मांजरीला म्हणते, दुधापाशी आली की. पण रेश्माला म्हटलं, गो, नाववाला वळवेल, पण खडकावरच ज्याची चूल हाय त्यानं काय वळवायचं? तर रडायलाच लागली. विका आन या म्हणाली. म्हणून तर विकतोय – म्हंजे तसं नाय, गुडघे दुखतात, चढण सोसत नाय. गुडघ्यांपायी विकतोय. तो आवाज? वर कातळ हाय, उन्हानं तापला की वाजतो. हल्ली पहाटेला बी वाजतो.

गाडीत कोण हाय? तुमची मंडळी? मग आत बोलवा की, उन्हात कशाला – मांडीवर काय हाय तिच्या? पोर? केवढं? अजून रांगत बी नाय?

साहेब, कप ठेवा. उठा. ऱ्हाऊ दे चा, उठा म्हणते ना! वाटेत म्हातारा भेटला तर घर आवडलं नाय म्हणा, माझं नाव घेऊ नका. गाडी इथं फिरवू नका, कडेला तर धरूच नका, तिथली भुई चिरलीय, सरळ मागं घ्या. आमी? आमचं आमी बघू. येईल दुसरा कुणी, पोर नसलेला. त्याच्यापाशी मी तोंड उघडणार नाय. चला, दार – वर उचला. अजून. थांबा, मी धरते खालनं – मगाशी तर उघडलं होतं – साहेब, जोर लावा. जोर लावा!