कोमोच्या घाटात म्हटलेलं 'सी'

एकटीने सायकलवर इटली फिरताना भीती नाही का वाटली, असं तू विचारलंस ना? एकदाच वाटली. कोमो तलावाच्या वरच्या घाटात माझी चेन तुटली. पाऊस सुरू झालेला, फोनला रेंज नाही. इथे अमेरिकेत, रेडमंडच्या पावसात खूप प्रॅक्टिस केली होती गं, पण इथे निदान नवऱ्याला फोन करून गाडी मागवता येते!

तेवढ्यात एक आजोबा छोटा टेम्पो घेऊन आले. सायकल मागे टाकली, मला शेजारी बसवलं आणि जे बोलायला लागले ते थांबेचनात. मला इटालियनमधलं फक्त 'सी' येतं, म्हणजे 'हो'. आजोबा हातवारे करत, मध्येच डोळे पुसत काहीतरी विचारायचे आणि मी आपली म्हणायचे, "सी, सी."

शेवटी त्यांनी गाडी थांबवली आणि माझ्याकडे बघत एकच प्रश्न दोनदा विचारला. मी घाबरून जोरात म्हटलं, "सी!"

त्यांच्या घरी पोचल्यावर आजोबा थेट आत फोनकडे गेले. त्यांच्या मुलीने मला टॉवेल दिला आणि इंग्रजीत विचारलं, "तू बाबांना काय सांगितलंस?"

"काही नाही. का?"

"शेताच्या भांडणावरून ते सख्ख्या भावाशी बोलत नव्हते, मी लहान होते तेव्हापासून. आता म्हणतायत, या मुलीने सांगितलंय, आजच फोन करा."

आत आजोबा हसत होते की रडत होते, कळेना. मुलगी दाराशी उभी राहून डोळे पुसत होती. मग मीही खुलासा करायच्या भानगडीत पडले नाही.