हिचाच आवाज येत नाही

आमच्या लालबागच्या चाळीतले सखाराम आठवतात ना? गिरणीतल्या मागांच्या खडखडाटानं कान गेलेले, त्यामुळे घरात सगळं खुणांनीच चालायचं. संयुक्त महाराष्ट्राच्या गोळीबारात त्यांचा मुलगा बाळू गेला. पुढे त्यांनी गिरगावातल्या एका छोट्या कारखानदाराकडून कानाचं यंत्र घेतलं आणि लगेच तक्रार केली, "मोर्चाच्या घोषणा ऐकू येतात, हिचाच आवाज येत नाही!"

कारखानदार स्वतः आला, यंत्र खोलून बसला. मी दारातच उभी. न राहवून त्याला म्हटलं, "अहो, यंत्र ठीक आहे. बाळू गेल्यापासून पार्वतीवहिनी बोललेल्याच नाहीत. यांना कळणार कसं?"

त्यानं यंत्र जोडून सखारामांच्या कानाला लावलं. "वहिनी, दोन शब्द बोला. तपासायचंय."

त्या सखारामांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "आपला बाळू गेला हो."

सखाराम म्हणाले, "आलं ऐकू."