बुरशीचं तेल

हात लावू नका त्या बाटलीला! — बसा, खुर्ची इकडे ओढा, हां. सुधीर म्हणालात ना? ठाण्याला कोर्टात कारकून? बरं. सुमेधाच्या मामांनी पाठवलं, माझ्या लेकीला बघायला? — पण मुलगी बघायला माणूस एकटा येतो का हो? आई नाही, काका नाही — आणि आल्या आल्या नजर कुठे, तर फडताळातल्या बाटल्यांवर! 'यात काय आहे' म्हणे. तुम्हाला काय करायचंय?

बुरशी आहे. झालं समाधान? लोणच्यावर येते तसलीच — लोक फेकतात, मी वाढवतो. तेल निघतं तिच्यातून. सगळे हसतात हे ऐकून — तुम्ही नाही हसलात! म्हणजे ठाऊक होतं तर. साबणाच्या कारखानेवाल्यांनी धाडलं ना तुम्हाला, माझी तेलाची कृती चोरायला? कितीही खोदून विचारा, मी सांगणार नाही की साखर सढळ हाताने द्यायची नि नत्राचं खत हात आखडून — खत पोटभर मिळालं की ही बया नुसती फोफावते, तेल धरत नाही. खत तोडलं की वाढ खुंटते, मग उरलेल्या साखरेची चरबी करून साठवत बसते. गारव्यात तेल पातळ येतं, उकाड्यात घट्ट — हेसुद्धा सांगणार नाही. समजलं?

कल्याणात गारवा कुठला, असंच मनात आलं ना? अहो, सुमेधा आहे की! मी शाळेत शिकवायला जातो, ती दिवसभर बाटल्यांना ओली फडकी गुंडाळते, रेशनची साखर स्वतःच्या चहात न घालता यांना घालते. ती सासरी गेली तर हे बघायचं कोणी? — म्हणजे तसं नाही हो, लग्न करायचंच आहे तिचं. पण येतो तो हेरच! तो डोंबिवलीचा आला होता, तोही हेर. पनवेलचा डॉक्टर, तोही. दोघांना हाकललं. रडली सुमेधा — तिला काय कळतंय, तिशीला आली तरी भोळीच.

उठा तुम्ही. पोहेबिहे मिळायचे नाहीत. — अगं, तू कशाला बाहेर आलीस? आणि हातात पिशवी कसली? मामांकडे? याच्याबरोबर? — तुम्ही पिशवी कसली घेताय तिच्या हातातली, ठेवा खाली! — सुमे, मी काय म्हणतो... बरं, जा! दोघंही जा! काही अडत नाही माझं, फडकी मी ओली करीन — सुमे, अगं, आधी कुठल्या बाटलीची, तेवढं तरी सांगून —

सुमे?