डंकासमोरचा बाक

फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये माझी सगळ्यांत जास्त इज्जत कोणी काढली असेल, तर ती आमच्या आईने. तीही सरांसमोर.

मी आणि सिद्धार्थने लालबागच्या एका मसाला डंकासाठी सिस्टिम बनवली होती. बायका मिरच्या देऊन दोन-दोन तास तिथेच बसून राहतात, त्यांचा वेळ वाचवायचा. मसाला कुटून झाला की मोबाइलवर मेसेज. मशीनचं काम माझं, दुकानाला फायदा किती ते गणित सिद्धार्थचं. सहा महिन्यांच्या कामाचा तक्ता भिंतीवर लावलेला, रिपोर्टच्या बाइंडिंगचा दिवससुद्धा ठरलेला.

ट्रायलला सर स्वतः आले. मेसेज धडाधड गेले आणि सगळ्या बायकांनी ते डंकासमोरच्या बाकावर बसूनच वाचले. एकही घरी गेली नव्हती.

"का नाही गेलात?" सरांनी विचारलं.

त्या बाकावर आमची आईही होती. तीच बोलली, "जाऊन कसं चालेल सर? माझ्या बेडगीत दुसरीची लवंगी पडली म्हणजे? वर्षभराचा मसाला, तो डोळ्यांसमोरच कुटून घ्यायचा."

मी भडकलो. "अगं, मग आधी नाही सांगायचंस?"

"तू विचारलंस कधी? सहा महिने घरातच होते रे मी."

बाकावरच्या बायका हसल्या. सर मात्र हसले नाहीत. आईच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "मग तुम्हाला इथे काय हवं होतं, ताई?"

आई कंबर चोळत म्हणाली, "या बाकाला पाठ."