चारची फेरी

प्रोग्रामर: मॅडम, ही बाई सोडून गेलीय, तर तिच्या नावावर कालची नोंद कशी?

मेट्रन: कोण बाई?

प्रोग्रामर: छोटी सिस्टर. हे बघा ना. ‘खोली सहा. पाणी दिलं. बसून बोलले.’ काल, चार वाजून दोन मिनिटं. परवा, चार वाजून एक. तुम्ही मला नावांची यादी दिलीत त्यात तिच्यावर काट आहे, म्हणून विचारतो.

मेट्रन: काट मीच मारली. सोडून नाही गेली ती. वारली. आठ महिने झाले.

प्रोग्रामर: अरेरे. मला कल्पना नव्हती.

मेट्रन: तुम्हाला कशी असणार? कामावर होती. जिन्यात बसली, डोकं दुखतंय म्हणाली. गाडी येईपर्यंत संपलं होतं सगळं. बत्तीस वर्षांची पोर. या वृद्धाश्रमात दोघी सिस्टर, एक मोठी, एक ही छोटी. म्हाताऱ्यांनीच ठेवलेली नावं. ते जाऊ दे. विश्वस्तांनी तुम्हाला पासवर्ड बसवायला बोलावलंय ना? महिनाअखेरीला तपासणी आहे. ते बघा.

प्रोग्रामर: तेच बघतोय. पण आधी आहे ते समजून घ्यावं लागतं. हे सगळं त्यांनीच लिहिलंय ना?

मेट्रन: सगळं. आम्ही वहीत लिहायचो, कोणाला गोळी दिली, कोणाला कूस बदलून दिली. वही सापडायची नाही, सापडली तर अक्षर लागायचं नाही. ही वैतागली. दोन वर्षं जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर शिकत बसायची, ते तुमचं जावास्क्रिप्ट. आम्ही टिंगल करायचो. आणि एक दिवस प्रत्येक खोलीच्या भिंतीवर टॅबलेट लागला. वही गेली रद्दीत.

प्रोग्रामर: नवख्या माणसाचं वाटत नाही, इतकं नीट आहे. फक्त दाराला कडी नाही. यादी उघडते, नाव निवडलं की तुम्ही तेच. मी आत्ता मेट्रन होऊन कोणालाही इंजेक्शन दिलं असं लिहू शकतो. तू कोण, असं कोणी विचारतच नाही.

मेट्रन: मी सांगितलं होतं तिला.

प्रोग्रामर: त्यांनी लिहूनही ठेवलंय. कोडच्या मधेमधे स्वतःसाठी टिपा आहेत. ऐका. ‘पासवर्डचं नंतर बघू. हातमोजे घालून कोण टाइप करणार? आणि सगळी आपलीच माणसं आहेत.’

मेट्रन: पुढचं नका वाचू.

प्रोग्रामर: नाही वाचत. पण तीन दिवस मी त्यातच बसलोय, मॅडम. दर दहा-वीस ओळींनी त्या काहीतरी बोलतात. आवाज कसा होता ते मला माहीत नाही, तरी ऐकू येतो.

मेट्रन: बारीक होता. पण भराभर बोलायची.

प्रोग्रामर: एक विचारू? विश्वस्तांच्या पत्रात आहे, एक आजोबा पडले म्हणून हे सगळं निघालं. तो दिवस कुठला?

मेट्रन: गेल्या महिन्याची बारा तारीख.

प्रोग्रामर: खोली सहा?

मेट्रन: सहा. मनगट मोडलं. सव्वापाचला मोठी सिस्टर औषध घेऊन गेली, तेव्हा जमिनीवर दिसले.

प्रोग्रामर: पण चारची फेरी झाली नाही तर लाल ठिपका येतो ना? मी पाहिलंय ते. तुमच्या या पडद्यावरही येतो आणि त्या खोलीतल्या टॅबलेटवरही.

मेट्रन: येतो. नोंद झाली की हिरवा होतो.

प्रोग्रामर: बारा तारखेला हिरवा झालाय. चार वाजून अकरा मिनिटांनी. छोटी सिस्टर. ‘पाणी दिलं. बसून बोलले.’ म्हणजे माणूस फरशीवर पडलाय, आणि पडद्यावर एक मेलेली बाई त्याला पाणी देतेय.

मेट्रन: तोंड सांभाळून बोला.

प्रोग्रामर: चुकलं माझं. पण अंगावर काटा आलाय हो.

मेट्रन: हे कोण करतं, ते कळेल तुम्हाला?

प्रोग्रामर: नाव कोणीही घेईल, पण नोंद कुठल्या यंत्रावरून आली ते सर्व्हरवर राहतं. काढलं मी. सगळ्या नोंदी सहा नंबरच्याच टॅबलेटवरून आहेत. एक सोडून. ती कुठून आली ते अजून जुळवायचंय.

मेट्रन: ते राहू दे. आधी सहा नंबरला चला.

(सहा नंबरची खोली. चारला पाच-सात मिनिटं कमी आहेत.)

आजोबा: या, या. दोघं एकदम? म्हणजे मी सापडलो म्हणायचं.

मेट्रन: आजोबा, हे संगणकाच्या कामाला आलेत.

आजोबा: कडी बसवायला आलेत. कानावर आलंय. हात प्लास्टरमध्ये आहे, कान शाबूत आहेत.

प्रोग्रामर: चारच्या नोंदी तुम्ही करता?

आजोबा: दुसरं कोण करणार? हल्ली डाव्या हाताने करतो. टॅबलेटवर एक बरं, अक्षर बिघडत नाही.

मेट्रन: पण का? आठ महिने, आजोबा! मला काय काय वाटलं असेल!

आजोबा: काय वाटलं?

मेट्रन: काही नाही. तुम्ही सांगा.

आजोबा: तीस दिवसांचा नियम आहे ना, त्यामुळे.

प्रोग्रामर: बरोबर. तीस दिवस नोंद केली नाही की यादीतून नाव आपोआप जातं. मी वाचलंय ते.

आजोबा: माझ्यासमोर लिहिलं तिने. हे बघा, मी चाळीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासली. चारची फेरी तिची असायची. आली की त्या खुर्चीत बसून लिहिलेलं मोठ्याने वाचायची आणि मी कंस मोजायचो. उघडले किती, मिटले किती. अर्थ एका ओळीचाही लागत नव्हता, पण न मिटलेला कंस मला खोलीच्या त्या टोकावरून दिसतो. म्हणायची, आजोबा, तुमच्या डोळ्यांवर चाललंय हे सगळं. खोटं बोलत असेल. मला गोड लागायचं.

प्रोग्रामर: कोडमध्ये एका जागी आहे, ‘आजोबांनी पकडला.’ मला वाटलं, त्यांचे स्वतःचे आजोबा.

आजोबा: आहे तसं? माझ्यापुढे कधी वाचलं नाही ते.

मेट्रन: आणि मग ती गेल्यावर...

आजोबा: गेल्यावर दिवस मोजत होतो. एकोणतिसाव्या दिवशी चार वाजता उठलो, भिंतीपाशी गेलो आणि तिचं नाव दाबलं. म्हटलं, चला, अजून तीस दिवस आहे ही. नंतर वाटलं, महिन्यातून एकदाच का? ती तर रोज यायची.

मेट्रन: आम्हाला हिरवा दिसायचा. फेरी झाली असं समजून चारला तुमच्याकडे कोणी फिरकायचंच नाही.

आजोबा: त्या तासाला मला कोणी नकोच होतं. तास भरलेला होता.

प्रोग्रामर: मग बारा तारखेचीही नोंद...

आजोबा: ती माझी नव्हे.

प्रोग्रामर: तुमची नाही?

आजोबा: त्या दिवशी भिंतीपर्यंत पोचलो कुठे? पायपुसण्यात पाय अडकला. पडल्या पडल्या टॅबलेटकडे बघत होतो. मनात म्हटलं, आता लाल होईल आणि कोणीतरी धावत येईल. झालाही लाल. आणि थोड्या वेळाने, माझ्या डोळ्यांदेखत, हिरवा झाला. खाली तिचं नाव.

मेट्रन: आजोबा...

आजोबा: थांबा. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, हाक का मारली नाहीत? म्हटलं, मारली, कोणाला ऐकू गेली नसेल. खोटं. मारलीच नाही. ती आलीय, असं वाटलं मला. सव्वापाचपर्यंत बोलत होतो तिच्याशी. हात ठणकत होता, तरी बोलत होतो.

प्रोग्रामर: मॅडम, ती एक वेगळी नोंद जुळवायला हवी. ती नक्की...

मेट्रन: नका जुळवू. माझ्या टेबलावरची आहे.

प्रोग्रामर: तुमच्या?

मेट्रन: चारला तिचं नाव येतं हे मला पहिल्यापासून माहीत होतं. कोण दाबतं ते बघायला माझ्या टेबलापासून इथवर वीस पावलं. नाही आले. आले असते तर थांबवावं लागलं असतं. चार वाजले की हातातलं टाकून पडद्याकडे बघत बसायचे. नाव आलं की बरं वाटायचं. मग कामाला लागायचे. बारा तारखेला आलंच नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. लाल झाला. तो लाल मला बघवेना हो. मीच दाबलं तिचं नाव. रोजचेच शब्द लिहिले. उठून इथे यायचं, ते सोडून बोट टेकवलं.

आजोबा: म्हणजे तुम्ही होतात.

मेट्रन: मी होते.

आजोबा: मी महिनाभर भलतंच धरून बसलो होतो.

मेट्रन: मला वाटेल ते बोला, आजोबा. ओरडा माझ्यावर.

आजोबा: ओरडेन. नंतर ओरडेन. आधी जरा वाईट वाटून घेऊ द्या. पुन्हा गेली ना ती.

*

प्रोग्रामर: आठवडा म्हणालो होतो, नऊ दिवस लागले. पण झालं. आता नुसतं नाव निवडून चालणार नाही, सहा आकडे दाबायचे. हातमोजे घालूनही दाबता येतील एवढी मोठी बटणं केलीत. पाच वेळा चुकलं की पंधरा मिनिटं बंद.

मेट्रन: आणि ते आकडे तुम्हाला दिसणार?

प्रोग्रामर: कोणालाच नाही. जसेच्या तसे ठेवतच नाही, त्यांचा भुगा करून ठेवतो. भुग्यावरून परत आकडे करता येत नाहीत, मलाही नाही. आणि ओळख तपासतो सर्व्हर, भिंतीवरचा टॅबलेट नाही. टॅबलेटला काय, कोणीही फसवेल. एकदा ओळख पटली की पाळी संपेपर्यंत पुरते.

मेट्रन: बरं केलंत. मीही विश्वस्तांना पत्र दिलं. त्या एका नोंदीसकट.

प्रोग्रामर: मग?

मेट्रन: एक तारखेपासून मोठी सिस्टर मेट्रन. मला काढलं नाही, फेऱ्यांवर घातलं. पाय दुखतील, दुसरं काय.

प्रोग्रामर: मॅडम, त्यांच्या नावाचं काय करू? पुसता येतं. पण पुसलं तर त्यांच्या खऱ्या नोंदीही निनावी होतील. गोळी कोणी दिली, तिथे रिकामं दिसेल.

मेट्रन: नाही, पुसू नका.

प्रोग्रामर: मग खातं ठेवतो, पण त्याला आकडेच देत नाही. नाव दिसेल. त्या नावाने आत मात्र कोणीच येऊ शकणार नाही. तीस दिवसांचा नियम काढून टाकलाय. आणि नंतरच्या आठ महिन्यांच्या नोंदी?

मेट्रन: खोट्या असल्या तरी झाल्यात ना? ठेवा. प्रत्येकीपुढे लिहा, ‘सहा नंबरच्या आजोबांनी केली.’ आणि एकीपुढे माझं नाव.

प्रोग्रामर: आजोबांनाही खातं काढून दिलंय. कोणी आलं नाही तर ते स्वतःच कळवू शकतील. आकडे घालताना मला तोंड फिरवायला लावलं त्यांनी.

मेट्रन: शहाणे आहेत. किती वाजले?

प्रोग्रामर: चारला दोन कमी.

*

मेट्रन: आत येऊ, आजोबा?

आजोबा: नोंद करायला आलात?

मेट्रन: नोंद जाताना करीन, माझ्या नावाने. आधी पाणी देऊ?

आजोबा: द्या. निम्मंच भांडं. ... तुम्ही काय बोलणार माझ्याशी?

मेट्रन: तोच प्रश्न पडलाय. मला तिच्यासारखं बोलता येत नाही. तुमचे ते कंसही कळत नाहीत.

आजोबा: मग नुसत्या बसा. ... ती खुर्ची नको. अजून नको. इकडे, पलंगावर बसा.