काळ्यासोबत एक रंग

कांदिवलीच्या छापखान्यात मी माझ्या कार्डांसाठी थांबलो होतो. शेजारी उभ्या असलेल्या नवरा-बायकोने आपल्या लग्नाचा काळा-पांढरा फोटो काउंटरवर ठेवला. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या पत्रिकेवर तो छापायचा होता.

“काळ्यासोबत अजून एकच रंग बसेल, मावशी,” छापखानेवाला म्हणाला. “शालूला देऊ? कुठला होता?”

“जांभळा.”

“हिरवा होता गं.”

“अहो, शालू मी नेसले होते की तुम्ही?”

“मला चांगला आठवतोय. हिरवागार!”

“जांभळाच. माझ्या आत्याने घेतलेला. इतकी वर्षं झाली, बायकोचा शालू माहीत नाही या माणसाला!”

“अगं, भटजींनी तुझा हात माझ्या हातात दिला तेव्हा बघितला ना! समोर सगळं वऱ्हाड, तुझे मामा डोळे वटारून उभे. मान वर करायची हिंमत होती काय माझी? तुझ्या हातांकडेच बघत बसलो. सगळं हिरवंच होतं.”

मावशींनी फोटो जवळ ओढून निरखून पाहिला.

“काय झालं गं?”

“काही नाही. भाऊ, शालू राहू दे काळाच.”

“मग रंग कशाला देऊ, मावशी?”

“बांगड्यांना द्या. हिरवा.”