भूगोल तेवढा नको

तुळजापुरात मोटारीच्या रांगेत रुद्रम्मा उभी होती. तिच्या पुढं बंडप्पा आणि शाळेचे गुरुजी बोलत होते.

"गुरुजी, आमच्या शिवगंगेला वाचन शिकवा, हिशेब शिकवा, सूतकताई तर रोज शिकवा. भूगोल तेवढा नको."

"का हो?"

"वैशाखात लगीन हाय. आळंदला द्यायची. तिला नकाशा कशाला?"

"आळंद आता म्हैसूर राज्यात गेलं, बंडप्पा."

"जाऊ द्या की. गाव काय जागचं हललं व्हय?"

"माहेरची वाट तरी तिला कळायला नको?"

"आमी येऊ की न्यायला."

रुद्रम्मा मूळची आळंदचीच. नवव्या वर्षी लग्न होऊन इकडं आली. न्यायला येऊ म्हणणारे आलेच नाहीत.

"गुरुजी," ती हळूच म्हणाली, "आळंद इथनं कुणीकडं येतं?"